मनीषाची झडप आणि हरभऱ्याचा पाला

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

केजला, तालुक्याच्या दवाखान्यात जाऊन आलो. मनीषाचं रक्त तपासलं, आकडा बरोबर मधे आला. अडीच ते साडेतीनच्या आत पाहिजे, असं उन्हाळ्यात तिचं ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनी सांगून ठेवलंय. खाली गेला तर रक्त गोठून काळजातल्या नव्या झडपेला चिकटेल. वर गेला तर नाकातून, हिरड्यांतून वाहील, नाहीतर आत कुठंतरी. सुनेचा जीव दोन आकड्यांच्या मधे. रोज संध्याकाळी रक्त पातळ ठेवायची गोळी. ती मी देते, कारण मनीषा विसरते आणि तिचा नवरा, माझा दत्ता, तर जेवायचंही विसरतो. पुढची तपासणी महिन्यानं.

दुपारी दोघी ओसरीवर शेंगा फोडत बसलो. वीज गेलेली, सगळं शांत. टिक, टिक, टिक. घरात घड्याळ तर बंद पडलंय. आवाज मनीषातून येत होता. लोखंडी झडप मिटते त्याचा. (लोखंड नव्हे, काहीतरी वेगळंच असतं म्हणे.) आधीही कानावर आला असेल, पण आज नीट ऐकला.

"आत्या, तुमाला आज ऐकू आलं? मी तर उन्हाळ्यापासून ऐकतीय. झोपताना उशी कानावर घेती."

दत्ता म्हणाला, "फुकटात घड्याळ मिळालंय, चावी द्यायची कटकट न्हाई." तिनं टरफलं मारली त्याला.

गोळी दिली.

१७ नोव्हेंबर, सोमवार

काळजाला दारं कशाला लागतात, हे डोक्यातून जाईना. दत्ताच्या नववीच्या जुन्या पुस्तकात एकच चित्र, अर्धं लाल अर्धं निळं. हायस्कूलच्या सरांकडं गेले. त्यांनी कपाटातून शरीराचं एक जाड पुस्तक काढून दिलं. मुखपृष्ठ गेलेलं, आतली पानं कोरी करकरीत. "न्या काकू. पोरांनी तर उघडलंही नाही."

मी चौथी शिकलेली. पुढचं सगळं वाचन पुड्यांच्या कागदावर आणि दत्ताच्या पुस्तकांवर. हे चेष्टा करायचे, "हिला भजी दिली की ही आधी कागद वाचती."

समजलं ते असं. काळीज म्हणजे एक नाही, दोन पंप, पाठीला पाठ लावून. उजवा वापरलेलं रक्त घेतो आणि फुप्फुसात पाठवतो. तिथं त्याला हवा मिळते. ते डाव्यात येतं आणि डावा अंगभर पाठवतो. प्रत्येक पंपाला दोन खोल्या, वरची घेणारी, खालची ढकलणारी. मधे दार. दार एकाच बाजूला उघडतं.

दत्ताला वाचून दाखवलं तर म्हणाला, "मंग फुटवाल म्हण की, माय."

विहिरीत पाइपाच्या तोंडाला फुटवाल बसवतात. वर चढलेलं पाणी मोटर बंद झाली तरी खाली सुटत नाही. त्यात काडीकचरा अडकला की मोटर नुसती गुरगुरते आणि नळीला पाणी नाही. पुस्तकाची तीन पानं मी दोनदा वाचली होती, याचं एका वाक्यात झालं.

मनीषाचं बिघडलेलं दार डावीकडच्या दोन खोल्यांच्या मधलं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

विहीणबाईंचा फोन. मीच विचारलं, लहानपणी हिला काय झालं होतं.

"घसा धरलता, ताप आलता. मंग गुडघे सुजले. आज हा, उद्या तो. आमी तवा ऊसतोडीला गेलतो, फडावरच होतो. पाचटाच्या कोपीत पडून ऱ्हायली पोरगी, अन् झाली बरी. कावून इचारता?"

सहज म्हणाले. पुस्तकात हेच आहे. घशातल्या जंतूंवर अंग आपली फौज पाठवतं. काही पोरांच्या अंगात फौजेची गफलत होते. जंतू आणि झडप तिला सारखेच दिसतात आणि ती झडपेवर तुटून पडते. सांध्यांची सूज उतरते. झडपेवर मात्र वण राहतो, तो वर्षानुवर्षं जाड होत जातो.

म्हणजे पोरगी बरी झाली असं सगळ्यांना वाटलं, आणि आत तेव्हापासून चालू होतं. विहीणबाईंना हे सांगितलं नाही. काय करणार सांगून.

२३ नोव्हेंबर, रविवार

आज मजा. रफिकभाई मुलाण्याच्या दुकानात गेले. म्हटलं, बकऱ्याचं दिल पाहिजे, अख्खं, चिरायचं नाही.

"क्या काकू! आजपर्यंत लोकांनी कलेजी मागितली, खिमा मागितला. अख्खं दिल मागनाऱ्या तुमीच पयल्या."

रांगेतली माणसं हसली. एक म्हातारा म्हणतो, "ह्या वयात?" मी म्हटलं, "ह्याच वयात कळायला लागतंय, बाबा."

घरी पाटावर ठेवून धुतलं. पुस्तक शेजारी, मनीषानं पानावर वरवंटा ठेवला. दत्ता "काय बाया हायेत" म्हणत शेताकडं पळाला.

डावी भिंत माझ्या बोटाएवढी जाड, उजवी तिच्यापुढं पातळ. उजव्याला फक्त शेजारी, फुप्फुसापर्यंत ढकलायचं. डाव्याला डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत. वाचलं होतं, पण बोटाला कळलं ते वेगळं.

वरच्या मोठ्या नळीत तांब्यानं पाणी ओतलं. पाणी आत गेलं नाही, उभंच राहिलं! आतली झडप मिटली. जीव गेल्यावरही ती आपलं काम करते. मनीषानं चार वेळा ओतून बघितलं.

मग मधलं दार. कांद्याच्या आतल्या सालीसारखं पांढरं, पातळ. त्याच्या कडेला दोऱ्या, दोऱ्यांची टोकं खाली भिंतीतल्या मांसात. दार उलट्या बाजूला पलटू नये म्हणून त्या ओढून धरतात. मनीषानं वरून बोट घातलं आणि म्हणाली, "एवढंसंच असतंय व्हय?" थोड्या वेळानं, "माझ्या ह्या दोऱ्या ठेवल्या असतील का कापल्या असतील?"

माहीत नाही. डॉक्टरांना विचारायचं.

"आता ह्याचं कालवण करायचं का पूजा?" तिनंच विचारलं. कालवण केलं. दत्तानं आधी ते कोणतं हे विचारून घेतलं, मग खाल्लं.

२६ नोव्हेंबर, बुधवार

त्या दिलाच्या बाहेरून, चरबीच्या खाली, बारीक नळ्या दिसल्या होत्या. आज त्यांचं पान आलं.

अंगातलं सगळं रक्त काळजाच्या खोल्यांतून जातं, पण काळीज त्यातलं पीत नाही. भिंत जाड, आतून मुरत नाही. त्याला त्याचा वाटा बाहेरून मिळतो. मोठी नळी निघते तिथंच दोन लहान फाटे फुटतात आणि काळजावरून पसरतात. त्यावर ते जगतं.

ह्यांची त्यातलीच एक बंद झाली होती. पौषात तीन वर्षं होतील. मी आजवर सांगत आले, काळीज बंद पडलं. बंद पडलं ते नंतर. आधी त्याचा एक तुकडा उपाशी राहिला. आणि बोटभर अंतरावर, आत, रक्ताची खोली भरलेली.

पुस्तक मिटलं. अंगण झाडलं, गोठा झाडला. परत उघडलं. पान अर्धं राहिलं होतं.

३० नोव्हेंबर, रविवार

मनीषाला एक गंमत दाखवली. हात खाली सोडायचा, मागच्या बाजूची निळी शीर फुगते. एका बोटानं ती बोटांच्या बाजूला दाबून धरायची, दुसऱ्या बोटानं मनगटाकडं पुसत न्यायची. पुसणारं बोट उचललं तरी मधली शीर रिकामीच राहते. वरचं रक्त खाली येत नाही, कारण शिरांनाही दारं आहेत. दाबलेलं बोट काढलं की लगेच भरते.

"म्हणजे सगळ्या अंगात फुटवालच फुटवाल," म्हणाली. दत्ता आला तर त्याचा हात धरून त्याच्यावर करून दाखवलं. मास्तरीण झाली.

तिच्या पापणीच्या आत बघितलं. फिकट वाटते. पुस्तकात आहे, रक्ताचा लाल रंग लोहाचा, आणि लोह पालेभाज्यांत. यंदा हरभरा चांगला उगवलाय.

६ डिसेंबर, शनिवार

हरभऱ्याचे शेंडे खुडायला सकाळी दोघी रानात. पानांवरची आंब बोटांना लागते, चाटली की जीभ कशी होते! ह्यांना लई आवडायची. पाल्यावर फडकं फिरवून पिळून आंब भरून ठेवायचे, पोट दुखलं की थेंबभर.

पाल्याची भाजी केली, शेंगदाण्याचं कूट घालून. सोबत ज्वारीची भाकरी. आता रोजच. एक दिवस हरभरा, एक दिवस करडई, बांधावरची पाथरी, मेथी. थंडीत आमच्या घरी हेच असतं, पण यंदा मनीषाच्या ताटात मी जरा जास्त वाढते. खाते बिचारी. बोलत नाही काही.

राहिलेला पाला वाळत घातलाय, उन्हाळ्यासाठी.

१२ डिसेंबर, शुक्रवार

कडबा तोडताना विळा लागला, अंगठ्याला. धुवायच्या आधी बसून बघितलं. आधी भळभळ, मग दाट, मग साय धरल्यासारखं, मग थांबलं. रक्ताला कोण सांगतं की इथं फाटलंय, इथं थांबा? आणि दोन बोटं पलीकडं तेच रक्त वाहतं, तिथं ते गोठत नाही. पुस्तकात आहे, फाटलेली कड लागली की एकामागून एक दहाबारा पदार्थ जागे होतात, शेवटी धाग्यांचं जाळं होतं, त्यात रक्त अडकतं. मनीषाची गोळी यातल्याच काही पदार्थांना कमी करते.

नवल म्हणजे संध्याकाळी मनीषाचंही बोट कापलं, विळीवर. दिवाळीत असंच कापलं होतं तर फडकं भिजलं होतं, थांबता थांबेना. आज लगेच थांबलं. मला बरं वाटलं. पाला लागू पडला, म्हटलं. चेहऱ्यावरही तजेला आहे.

केजच्या तपासणीची दत्ताला आठवण केली. "येळवस झाल्यावर जाऊ, माय. आता रानात लई काम हाय." बरोबर आहे. रानपूजेची अमावस्या आठवड्यावर आलीय, दोनचार दिवसांनी काय होतं.

गोळी दिली.

१९ डिसेंबर, शुक्रवार. येळवस

पहाटेपासून भज्जी. हरभऱ्याचे सोले, तुरीचे सोले, वाटाणा, मेथी, पालक, कांद्याची पात, जे जे हिरवं मिळालं ते सगळं बेसनात शिजवलं. आंबिलाचा माठ, बाजरीचे उंडे, तिळाची पोळी. सगळं डोक्यावर घेऊन रानात.

दत्तानं कडब्याची कोप केली, आत पाच दगडांचे पांडव मांडले, चुना लावला. आंबील शिंपडत रानाला फेरी मारली. हे काम ह्यांचं. दत्ता वडिलांसारखाच डाव्या हातात गडवा धरतो, हे माझ्या आज लक्षात आलं. त्याच्या ते लक्षातही नसेल.

रफिकभाई दरवर्षीसारखे भज्जी खायला आले. "काकू, आज दिल न्हाई आनलं, चालंल ना?" मनीषा हसली तर ठसका लागला तिला. दोन वाट्या भज्जी खाल्ली तिनं. मीच वाढली दुसरी.

चांगला दिवस गेला.

२३ डिसेंबर, मंगळवार

मनीषा हौदावरून घागर घेऊन आली ती दारातच टेकली. धाप लागली. म्हणाली, "भज्जीनं अंग जड झालंय." शिळी भज्जी परवापर्यंत होतीच.

दुपारी तिच्याजवळ बसून भाजी निवडत होते. टिक ऐकू आली नाही. म्हटलं स्वेटर आहे अंगात. शाल आहे माझ्या कानावर. शाल काढली. काहीतरी येत होतं, पण बोटानं गादीवर टिचकी मारावी तसं.

सकाळी दवाखान्यात जायचंच आहे केजला. दत्ताला सांगितलं.

२४ डिसेंबर, बुधवार

केजला नाही, थेट संभाजीनगरला आलो. पटापट लिहिते, दत्ता दवाखान्याचे कागद करतोय.

सकाळी निघायच्या आधी उपकेंद्राच्या शोभा सिस्टर गल्लीत लसीकरणाला आल्या होत्या. त्यांना म्हटलं, जरा हिची छाती ऐका. नळी लावली, उठल्या, परत लावली. "कधीपासनं असा आवाज हाय?" मग एकदम, "तपासणी कधी केलती?" मग, "काय खाऊ घालताय?"

सगळं सांगितलं. अभिमानानंच सांगितलं म्हणायचं.

त्या खाली बसल्या. "काकू, अहो, ही गोळी अन् पालेभाजी एकमेकींच्या उलट काम करतेत. गोळी रक्त गोठू देत न्हाई. पाल्यात जे असतंय ते गोठायला मदत करतंय. पाला वाढला की गोळी कमी पडती. डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं व्हय?"

सांगितलं होतं. मला शब्दन् शब्द आठवतो. "जेवण रोजच्यासारखंच ठेवा, त्यात एकदम बदल करू नका." आम्ही समजलो, पथ्य नाही. आणि आम्ही बदल केलाच कुठं? उन्हाळ्यात डाळ, पावसाळ्यात मटकी-बेसन, थंडीत पाला. रोजचं म्हणजे ज्या दिवसांत जे असेल ते. डॉक्टरांच्या घरी रोजचं म्हणजे बारा महिने एकच असेल. मलाही विचारायचं सुचलं नाही, त्यांनाही सांगायचं.

आणि लोहापायी वाढलं ते वेगळंच. ते मी वाढलं. पुस्तकातलं लाल रक्ताचं पान वाचलं, आणि गोठण्याचंही वाचलं. दोन्ही पानं एकाच माणसाच्या अंगातली आहेत, हे मात्र मला कळलं नाही.

बोटाचं रक्त लगेच थांबलं तेव्हा मी खूश झाले होते.

२५ डिसेंबर, गुरुवार

सकाळी पडद्यावर झडप दाखवली. डॉक्टर तरुण आहेत, समजावून सांगतात. झडपेला दोन पाळ्या, दाराच्या दोन फळ्यांसारख्या. एक हलते. एक अर्धवट उघडून थांबलीय, तिच्या बिजागरीला रक्ताची गाठ बसलीय. दत्ता हळूच म्हणाला, "काडी अडकली." डॉक्टरांना कळलं नाही. मी सांगितलं, विहिरीचं. ते म्हणाले, अगदी तसंच.

दोन मार्ग. छाती परत उघडायची. नाहीतर गाठ विरघळवायचं औषध शिरेतून सोडायचं, हळूहळू, एकदोन दिवस. हिची तब्येत अजून टिकून आहे, म्हणून आधी औषध, असं त्यांचं मत. पण गाठ विरघळताना तुकडा सुटू शकतो.

"सुटला तर कुठं जातो?" दत्तानं विचारलं.

मला विचारायची गरज नव्हती. डाव्या खोलीतून मोठ्या नळीत. मोठी नळी आधी वर जाते, वाकते, आणि त्या वाकणावरचे पहिले फाटे डोक्याकडं. रस्ता सगळा पाठ आहे मला. महिनाभर मी तो गंमत म्हणून पाठ केला.

दत्तानं सही केली.

२६ डिसेंबर, शुक्रवार

औषध चालू आहे. सिस्टर सारख्या येतात, मनीषाला हात वर करायला सांगतात, हसायला सांगतात, नाव विचारतात. मेंदूला काही झालं तर हात पडेल, तोंड वाकडं होईल, म्हणून. प्रत्येक वेळी ती हात वर करते तेव्हा माझं मन तिथंच अडकतं.

मला आत थोडा वेळ सोडलं. म्हटलं, मनीषा, माझ्या भाजीनं हे झालं.

"आत्या, खरं सांगू? मला त्यो पाला आवडतच न्हाई. लहानपणापासनं न्हाई. तुमी लई मायेनं वाढत होता, म्हणून गिळत होते."

"मंग बोलायचं न्हाई व्हय गं!"

"तुमी कुणाला बोलू देता व्हय जेवताना? सगळं पुस्तकातलंच चालू असतंय."

हसलो दोघी. सिस्टर म्हणाल्या, हळू हसा.

मग ती म्हणाली, "आता मला सांगा. औषध हातातून जातंय, ते झडपेपर्यंत कुठनं कुठनं जाणार?"

म्हटलं, कशाला आता.

"माझ्याच आतलं हाय ना? बकऱ्याचं दाखवलं तवा लई आवडीनं सांगत होता."

सांगितलं. हाताची शीर, खांद्याखालची शीर, उजवी वरची खोली, उजवी खालची, फुप्फुसाचा फेरा, डावी वरची. तिथून खालच्या खोलीकडं उतरताना ते दार. डोळे मिटून ऐकत होती. म्हणाली, "म्हणजे आधी फुप्फुसातनं फिरून येतंय. लांबून येतंय बिचारं." मग, "अन् गाठ सुटली तर?"

तेही सांगितलं. तिनं विचारलं म्हणून सांगितलं. चूक की बरोबर, ठाऊक नाही. तिनं माझ्याकडं बघून हात वर केला, सिस्टरांनी न सांगता. "बघा, अजून हाय."

२७ डिसेंबर, शनिवार

विहीणबाई आल्या. गावाकडून एस.टी.नं, एकट्या. दारातूनच, "काय केलं ओ माझ्या लेकीला?"

दत्ता म्हणाला, "मामी, इथं नको." पण त्या बोलल्याच. "आमी अडाणी. आमी पोरीला फडावर ठिवलं, आमाला कळलं न्हाई. तुमी तर पुस्तकं वाचताव. तुमी वाचून वाचून पोरीला..." पुढचं बोलल्या नाहीत, पदर तोंडाला लावला.

खोटं काय बोलल्या त्या? लहानपणी झडपेला काय झालं ते त्यांना माहीत नव्हतं, आणि मी त्यांना तेही सांगितलेलं नाही. त्यांच्या माघारी मी त्यांची चूक पुस्तकात शोधून ठेवली होती, आणि माझी मात्र ताटात होती.

डबा उघडला. दोघींनी खाल्लं, वेगवेगळ्या बाजूला तोंड करून.

संध्याकाळी झडपेचा दुसरा फोटो. पाळी हलायला लागलीय, पण पुरती उघडत नाही. आणखी एक दिवस औषध. मग परत बघू, म्हणाले. नाहीच सुटली तर ऑपरेशन.

२८ डिसेंबर, रविवार

मनीषाच्या हिरड्यांतून रक्त येतंय थोडं. औषधामुळं, म्हणतात. औषधाला कळत नाही की झडपेची गाठ विरघळव आणि हिरडी सोड. ते सगळीकडं सारखंच जातं. रक्त जाईल तिथं जातं.

सकाळी शुद्धीत, नीट बोलते. रफिकभाईंचा फोन आला होता, तिला म्हणाले, "बेटी, लवकर ये, काकूंना दुकानात कुनी इचारना गेलंय." हसली, पण दमते.

दुपारी विहीणबाईंना बाहेर चहाला नेलं. तिथं सांगितलं. घशाचं, सांध्यांचं, फौजेचं, सगळं. तेव्हा कुणी कळवलं असतं तर ठरावीक दिवसांनी इंजेक्शन देऊन पुढचं थांबवता आलं असतं, हेही. म्हटलं, आता ओरडतील. त्यांनी कप खाली ठेवला.

"सूज उतरली तवा आमी पेढे वाटलते," म्हणाल्या. एवढंच.

मग, "तिला सांगितलंव का हे?"

सगळं सांगितलंय.

"काय म्हणाली?"

म्हटलं, माझी माय काय करणार होती फडावर, असं म्हणाली. (खरंच म्हणाली होती, गेल्या महिन्यात.)

२९ डिसेंबर, सोमवार

सकाळीच फोटोसाठी खाली नेलंय. आम्ही तिघं बाकावर. तिसरा फोटो हा, यावर ठरणार. पाळी सुटली तर घरी, गोळी वाढवून, दर आठवड्याला तपासणी. नाही सुटली तर छाती परत उघडायची, आणि एकदा उघडलेली छाती परत उघडणं सोपं नाही, हे काल डॉक्टर दत्ताला बाजूला घेऊन बोलले. दत्तानं मला सांगितलं. मी विहीणबाईंना सांगितलं. लपवायचं नाही, असं झालंय आता आमचं.

दत्तानं विचारलं, "माय, बाबांना पण औषध देऊन अशी गाठ विरघळवता आली असती?"

तीन वर्षांत त्यानं कधी विचारलं नव्हतं. म्हटलं, वेळेत पोचलो असतो तर, कदाचित. त्यांची बारीक नळी होती, हिची झडप आहे, पण गाठ तीच. औषधही बहुतेक तेच. तो ऐकत होता. आपण त्या दिवशी कितीही पळालो असतो तरी पोचलो असतो का, ते पुस्तकात नाही. तेही सांगितलं. त्यानं मान हलवली. हातातली गाडीची किल्ली फिरवत बसलाय.

दार उघडायचा आवाज आला. फोटो काढणारा पोरगा बाहेर येऊन गेला, चेहऱ्यावरून काही कळलं नाही. त्यांना तसंच शिकवत असतील.

आता आतून, "मनीषाचं कोण आहे?"

तिघंही उठलो. एकालाच आत सोडतात म्हणे. मी दत्ताकडं बघितलं, तो किल्ली मुठीत धरून मागं सरला. विहीणबाईंनी माझ्या दंडाला धरलं आणि पुढं ढकललं. "तुमी जावा. त्ये काय बोलतेत ते मला उमजणार न्हाई. आल्यावर सांगा मला. चांगलं असू द्या न्हाईतर वाईट, समदं सांगा."

जाते.